आईच्या मणक्यात बुरशी निघाली, आता?

घणसोलीहून एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आई ६३ वर्षांच्या, मधुमेह जुना, गोळ्यांवर. फेब्रुवारीत आतडं फुटलं, रातोरात पोटाचं ऑपरेशन झालं, १९ दिवस आयसीयूत काढले. गळ्यातल्या लाइनमधूनच सलाइन, अँटिबायोटिक आणि अन्नसुद्धा. मार्चमध्ये चालत घरी आल्या. मे महिन्यात कंबर धरली. एमआरआयमध्ये कंबरेचा दुसरा-तिसरा मणका आणि मधली गादी खराब दिसली, रिपोर्टवर ‘टीबीची शक्यता’, आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. अडीच महिन्यांत दुखणं वाढतच गेलं. मग सुईने मणक्यातला तुकडा काढला, त्यात कँडिडा नावाची बुरशी उगवली. आता टीबीच्या गोळ्या बंद करून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सहा महिने ते वर्षभर घ्यायला सांगितलंय.

त्यांचे प्रश्न चार. रिपोर्ट चुकलाय का? टीबीच्या गोळ्यांनी नुकसान झालं का? वर्षभर औषध कशाला, ऑपरेशन करून ते काढूनच टाकता येत नाही का? घरातल्या ओल्या भिंतीमुळे झालं का, आणि बाकीच्यांना होईल का? शेवटी एका ओळीत पाचवा प्रश्न आहे, तो आईंचा स्वतःचा असावा: पाव खाल्ला तर चालेल का?

मी ठाण्यात हाडांचा डॉक्टर म्हणून पंचवीसेक वर्षं काम करतोय. बुरशीने धरलेले मणके आणि सांधे तेवढ्यात मोजकेच पाहिले, पण एकूण एक लक्षात राहिलेत, कारण जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्याच रोगाचं औषध घेत माझ्याकडे आला होता. त्यातला एक तर माझंच औषध घेत होता. त्याचं पुढे सांगतो.

रिपोर्ट खरा धरा. आईंची फेब्रुवारीपासूनची हकीकत सलग वाचली तर तीच निदान सांगते. कँडिडा ही बाहेरून आलेली पाहुणी नव्हे, ती आपल्या सगळ्यांच्या आतड्यात, तोंडात, कातडीवर मुक्कामाला असते. एरवी आतड्यातले बाकीचे जंतू तिला दाबून ठेवतात. जोरदार अँटिबायोटिक दिलं की ते राखणदार मरतात आणि कँडिडाला रान मोकळं मिळतं. त्यात आतडं फुटलं म्हणजे बांधच फुटला. गळ्यातली लाइन थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते, तिच्या प्लॅस्टिकवर कँडिडा थर धरून बसते. शिरेतून अन्न, वाढलेली साखर, आयसीयूत लांबलेला मुक्काम, सगळं तिच्याच सोयीचं. अशा वेळी ती रक्तात शिरते. रक्तातली बुरशी कधी कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू उगवून बघायच्या तपासणीत, सापडते, कधी निसटते.

मोठ्या माणसाच्या मणक्यात रक्ताच्या बारीक वाहिन्या गादीला लागून असलेल्या थरापर्यंत दाट असतात. रक्तातून वाहणारा जंतू तिथे अडकतो आणि हाडाकडून गादीत, गादीतून शेजारच्या मणक्यात पसरतो. म्हणून कंबरेचे नाहीतर पाठीच्या खालच्या भागातले दोन लागून असलेले मणके आणि मधली गादी असं चित्र दिसतं. लहान मुलांत तीच कँडिडा मांडीच्या-नडगीच्या लांब हाडांना किंवा सांध्याला धरते. आणि हे सगळं इतकं सावकाश होतं की आयसीयूतून सुटल्यावर काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी कंबर बोलू लागते. ताप बहुधा नसतोच. पांढऱ्या पेशी नॉर्मल येतात. ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगात सूज आहे हे सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, तेवढे वाढलेले. घरच्यांना वाटतं, एवढे दिवस बिछान्यावर होती, कंबर आखडली असेल. डॉक्टरांनाही तसंच वाटतं.

म्हणून कोणी कंबर दुखते म्हणून आलं की वर्षभरात आयसीयूत होता का, गळ्यात लाइन होती का, हे मी आता मधुमेह-बीपीच्याच ओळीत विचारतो. पूर्वी विचारत नव्हतो.

आता टीबीच्या गोळ्यांचं. इथे तुमच्या डॉक्टरांची थोडी बाजू घेतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली, तुर्भे, कुठेही मणका खराब असलेला माणूस समोर आला तर पहिला अंदाज टीबीचाच करावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. बुरशी आणि टीबी दोन्ही संथ. दोन्हीत गादी बराच काळ तग धरते, दोन्हीत मणक्याशेजारी पू साठतो. एमआरआयमध्ये एकमेकांचे जुळे भाऊ वाटावेत असे. एमआरआय हाड कुठे आणि किती खराब आहे ते फार छान दाखवतो, कोणी खराब केलं ते सांगत नाही. रिपोर्टवर ‘शक्यता’ लिहिलेलं असतं, आणि तो कागद दोन-तीन टेबलांवरून फिरेपर्यंत शक्यतेचं निदान होऊन जातं.

माझी तक्रार आहे ती एवढीच की औषध आधी आणि तुकडा नंतर असा उलटा क्रम आपल्याकडे रुळलाय. मणक्यात सुई म्हटलं की घरचे घाबरतात, लकवा होईल म्हणतात, आणि डॉक्टरलाही गोळ्या लिहून देणं सोपं वाटतं. पाय लुळे पडत नसतील तर मणक्याच्या संसर्गात चार-सहा दिवस थांबून तुकडा घेण्याने काही बिघडत नाही. चुकीचं औषध तीन महिने चालल्याने बिघडतं.

माझ्या हातून झालेलं सांगतो. कोपरीचे एक निवृत्त बसचालक होते. स्वादुपिंडाला सूज येऊन तीन आठवडे आयसीयूत राहून आले होते. दोन महिन्यांनी पाठ धरली. एमआरआय बघितला, टीबीच वाटला, घरच्यांनी सुईला नकार दिला, मीही फार जोर लावला नाही. टीबीच्या गोळ्या लिहिल्या. तीन महिन्यांनी ईएसआर आणखी वर, आणि ते रात्री कुशीवर वळताना ओरडू लागले. मग सीटीच्या मदतीने सुई घातली. तुकडा बरोबर निघाला, आणि मी तो अख्खाच्या अख्खा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला. सवय. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: जुनाट सूज, टीबीच्या गाठी दिसत नाहीत. कल्चर? फॉर्मेलिनमध्ये सगळे जंतू मरतात, उगवणार काय? त्या माणसाला मी दुसऱ्यांदा त्या टेबलावर पालथं झोपवलं.

दुसऱ्या वेळी तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, “सर, प्लेटवर पांढरट, लोण्याच्या थेंबासारख्या कॉलनी आल्यात. ग्रॅम स्टेनला, म्हणजे काचपट्टीवर रंग लावून पाहिल्यावर, बडिंग यीस्ट, कोंब फुटलेली बुरशी. वरून पडलेली समजून सोडून देऊ, की पुढे नेऊ?” प्रश्न रास्त होता. थुंकीत, लघवीत, जखमेच्या वरच्या पुवात कँडिडा रोजच निघते आणि बहुतेकदा तिला काही अर्थ नसतो. पण मणक्याच्या पोटातून, निर्जंतुक सुईने काढलेल्या तुकड्यात ती निघाली तर ती तिथे राहायलाच आली होती असं धरून चालावं. मी म्हटलं, पुढे न्या. दुसऱ्या बाटलीतही तीच उगवली. काचपट्टीवर मी स्वतः जाऊन पाहिली. जांभळे लंबगोल दाणे, जंतूंपेक्षा कितीतरी मोठे, एकेकाला कोंब फुटलेला, मोड आलेल्या मटकीसारखा. बसचालक बरे झाले, मणके एकमेकांना जुळून घट्ट झाले, थोडा पोक राहिला. त्यातला काही भाग त्या वाया गेलेल्या महिन्यांचा आहे हे त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, “डॉक्टर, गाडी चुकीच्या रूटवर गेली, पण डेपोत आणलीत ना.”

तेव्हापासून माझ्या ऑपरेशन थिएटरात तुकडा काढायच्या आधी बाटल्या मांडल्या जातात. एकीत साधं निर्जंतुक सलाइन, ती मायक्रोबायोलॉजीला. दुसरीत फॉर्मेलिन, ती पॅथॉलॉजीला. फॉर्मवर नुसतं ‘कल्चर’ लिहून चालत नाही. साधं कल्चर, टीबीचं जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) आणि कल्चर, बुरशीसाठी केओएच (काचपट्टीवर बुरशी थेट बघायची तपासणी) आणि फंगल कल्चर, अशी नावं घालून मागावी लागतात. फंगल कल्चरची प्लेट चार आठवडे ठेवा, हेही लिहावं लागतं. कँडिडा दोन-चार दिवसांत उगवते, बाकीच्या बुरश्या फुरसतीने येतात. पॅथॉलॉजिस्टला पीएएस आणि चांदीचा, असे बुरशी दाखवणारे खास रंग लावायला सांगायचं, नाहीतर नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात बुरशीचे धागे डोळ्यांदेखत निसटतात. तुम्ही पेशंटचे नातेवाईक असाल तर ‘बाटल्या किती आणि कशात?’ एवढं विचारायला काही हरकत नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

तुमच्या आईंच्या बाबतीत दोन गोष्टी लॅबकडून मागून घ्या. कँडिडाची जात कोणती, आणि तिच्यावर कोणती औषधं चालतात. अल्बिकन्स असेल तर फ्लुकोनॅझोल बहुधा उत्तम चालतं. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये ट्रॉपिकॅलिस जास्त निघते, तिच्यावरही बहुतेकदा चालतं. क्रूसेईवर चालतच नाही, ग्लॅब्राटावर भरवसा नाही. ऑरिस नावाची जात २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात पहिल्यांदा सापडली, ती आता आपल्याकडच्या आयसीयूंतही दिसते, आणि ती फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही. म्हणून नुसतं ‘कँडिडा’ लिहिलेला रिपोर्ट अर्धाच समजा. टीबीचं जीनएक्सपर्ट आणि कल्चरही निगेटिव्ह आहे ना, ते बघा. दोन्ही रोग एकाच मणक्यात सापडणं दुर्मिळ, पण आपल्या भागात ते तपासल्याशिवाय गृहीत धरू नये. आणि डोळ्याचा पडदा एकदा तपासून घ्या. रक्तातून फिरलेली कँडिडा डोळ्यातही उतरते, आणि सुरुवातीला पेशंटला त्याचा पत्ता नसतो.

नुकसान झालं का? वेळ गेला, हे झालंच. त्याशिवाय एक गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही, आणि तुमच्यासाठी पुढचे पंधरा दिवस तीच सगळ्यांत महत्त्वाची.

टीबीच्या गोळ्यांमध्ये रिफॅम्पिसिन असतं. लघवी केशरी करणारं तेच. ते यकृताला बाकीची औषधं झपाट्याने संपवायला लावतं. फ्लुकोनॅझोलचं रक्तातलं प्रमाण त्याने कमी होतं. व्होरिकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल ही बुरशीची दुसरी औषधं तर जवळपास निकामी होतात, म्हणून ती रिफॅम्पिसिनसोबत देतच नाहीत. रिफॅम्पिसिन बंद केलं तरी यकृताची ती सवय जायला साधारण दोन आठवडे लागतात. आता आईंच्या मधुमेहाच्या गोळ्या बघा. त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर रिफॅम्पिसिन चालू असताना तिचा असर कमी पडत होता आणि कदाचित डोस वाढवला गेला असेल. आता रिफॅम्पिसिन गेलं, म्हणजे त्या गोळीचा असर आपोआप वाढणार. वर फ्लुकोनॅझोल आलं, तेही याच गोळ्यांचा असर वाढवतं. दुहेरी धक्का. पेशंट पहाटे घामाने ओलाचिंब, बोलण्यात बरळ, आणि घरचे समजतात इन्फेक्शन डोक्यात चढलं. साखर मोजली तर ५०. म्हणून पुढचा पंधरवडा रोज उपाशीपोटी आणि रात्री झोपताना साखर मोजा, आकडे वहीत लिहा, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की रिफॅम्पिसिन थांबलंय आणि फ्लुकोनॅझोल सुरू झालंय. ही दोन नावं सांगितली की त्यांना पुढचं कळतं. मेटफॉर्मिनची अशी अडचण नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, काही स्टॅटिन या औषधासोबत स्नायूंना त्रास देतात. रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, लगेच करा. फ्लुकोनॅझोल मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस बदलतो. यकृताची तपासणी दोन आठवड्यांनी आणि मग महिन्याला. आणि एक कागदी काम आहे. टीबी म्हणून नाव निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी-पेशंटच्या नोंदणीत, गेलं असणार. निदान बदललंय हे लेखी घेऊन त्या केंद्रावर द्या, नाहीतर त्यांचे लोक गोळ्या का चुकवता म्हणून दारात येत राहतील, आणि ते त्यांचं कामच करत असतील.

वर्षभर औषध कशाला? गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. सडलेल्या हाडातही रक्त पोचत नाही. औषध रक्तातूनच जातं, म्हणजे कडेकडेने झिरपत आत पोचणार. त्यात बुरशीची पेशी जंतूसारखी नाजूक नाही, बरीचशी आपल्याच पेशीसारखी बांधलेली आहे, म्हणून तिला मारायचं आणि आपल्या पेशीला सोडायचं अशी औषधं थोडी आहेत आणि ती संथ चालतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात कँडिडाच्या हाडातल्या संसर्गाला ६ ते १२ महिने सांगितले आहेत. फ्लुकोनॅझोल रोज ४०० मिलिग्रॅम, किंवा आधी किमान दोन आठवडे कॅस्पोफंजिनसारखं शिरेतलं औषध आणि मग फ्लुकोनॅझोल. सांध्यात असेल तर मुदत कमी, सहा आठवड्यांच्या आसपास, पण सांधा धुऊन काढावाच लागतो. शेजारच्या बाईंना गजकर्णासाठी आठवड्यातून एकदा १५० ची गोळी मिळते, त्याच्याशी तुलना करू नका. मेडिकलवाला ‘एवढी रोज?’ म्हणून भुवया उंचावेल. चिठ्ठी दाखवा आणि गोळ्या घ्या.

मुदत कॅलेंडरवर ठरत नाही. दुखणं गेलं, सीआरपी खाली येऊन तिथेच राहिला, एमआरआयमध्ये पू आटला, मग थांबायचं, आणि सहा महिन्यांच्या आत तर नाहीच. एमआरआय मात्र उगाच घाईने करू नका. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत पेशंट बरा होत असताना चित्र आधीपेक्षा वाईट दिसू शकतं, आणि तेवढ्यावरून चांगलं चाललेलं औषध बदललं गेल्याचं मी पाहिलंय. आधी पेशंट बघायचा, मग सीआरपी, मग फिल्म.

ऑपरेशनने ‘काढून टाकणं’ हे दाताच्या किडीसारखं सोपं नाही. मणक्यातून सगळी बुरशी खरवडून निघत नाही, औषध तेवढंच लागतं. ऑपरेशन करतो ते चार कारणांनी: नसांवर दाब आला, कणा डळमळीत झाला, पुवाचा मोठा गोळा साठला, किंवा योग्य औषध योग्य डोसमध्ये देऊनही रोग हटत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून आईंना आज यातलं काही दिसत नाही. कमरेचा पट्टा नाही, मोठा ब्रेस लागेल, तो मापाचा बनवून घ्या. पलंगावर जखडून ठेवू नका, ब्रेस घालून घरात चालू द्या. पण हे लक्षात ठेवा: पायात जोर कमी वाटला, चप्पल पायातून निसटू लागली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर दुसऱ्या दिवसाची ओपीडी बघत बसू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या.

आता भिंत. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईतल्या निम्म्या घरांत वरच्या मजल्याची गळती आणि काळे डाग असतात. त्या डागांतली बुरशी वेगळी, कँडिडा वेगळी. आईंची बुरशी त्यांच्याच आतड्यातून आली, भिंतीवरून नाही. घरात कोणालाही त्यांच्यापासून होणार नाही. ताट-वाटी वेगळी ठेवू नका, नातवंडांना दूर करू नका. आधीच आजारी बाईला अस्पृश्य करून ठेवलेलं मी पाहिलंय, आणि ते कंबरेपेक्षा जास्त दुखतं.

भिंतीचा, धुळीचा संबंध येतो तो अस्परजिलसशी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. घोडबंदर रोडला मेट्रोची खोदाई आणि दोन्ही बाजूंना इमारतींचं पाडकाम चालू असताना तर आपण सगळेच ते श्वासात घेतो, आणि धडधाकट माणसाला काही होत नाही. ज्याचं बोनमॅरो किंवा किडनीचं प्रत्यारोपण झालंय, ज्याला महिनोन्‌महिने स्टिरॉइड चालू आहेत, त्याला मात्र ती फुप्फुसातून हाडात जाऊ शकते. २०२१ च्या कोव्हिडनंतर आपण हे जवळून पाहिलं. काळी बुरशी म्हणजे म्यूकर, ती वरच्या जबड्याच्या हाडात घुसली आणि माणसं दात-जबडा गमावून बसली. म्यूकर रक्तवाहिन्यांतच शिरते, हाडाचं रक्त तुटतं आणि ते काळं पडतं, म्हणून तिथे चाकू आधी आणि अँफोटेरिसिन हे बुरशीचं शिरेतलं औषध सोबत. त्याच लाटेनंतर मणक्यात अस्परजिलस निघालेले पेशंटही होते. बहुतेकांची सामायिक गोष्ट एकच, स्टिरॉइड आणि साखर. अस्परजिलसवर फ्लुकोनॅझोल शून्य. तिथे व्होरिकोनॅझोल, किमान आठ आठवडे, बहुधा सहा महिन्यांच्या वर. हे औषध उन्हात कातडी जाळतं, डोळ्यापुढे रंग नाचवतं, आणि त्याच्या रेणूत फ्लोरिन असल्याने लांब चाललं तर हाडांवरचं आवरण सुजून हाडंच दुखू लागतात. हाड बरं करायला दिलेल्या गोळीने हाड दुखतंय हे ओळखायला मला एकदा महिना लागला होता.

गुडघ्यात-कंबरेत उठसूट स्टिरॉइडची इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी एक आठवण करून देतो. अमेरिकेत २०१२ मध्ये एका औषधाच्या दूषित बाटल्यांतून बुरशी थेट लोकांच्या कण्याजवळ आणि सांध्यांत टोचली गेली. ७५० च्या वर लोक आजारी पडले, ६० च्या वर गेले. स्वच्छ औषध, स्वच्छ जागा आणि खरंच गरज असेल तर इंजेक्शनला माझा विरोध नाही, मीही देतो. बाजारात चटई टाकून बसलेल्याकडून घेऊ नका, एवढंच.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुरबाड-शहापूरकडे, एक वेगळीच बुरशी हाडात उतरते. एक शेतकरी आले होते. सहा वर्षांपूर्वी आवणीच्या वेळी अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडला होता. मग गाठ, मग सूज, मग चार-पाच भोकं. दुखत मात्र नव्हतं, म्हणून चालत राहिले. पाय हत्तीरोगासारखा झालेला. मी गॉझ लावून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं, तर त्यावर खसखशीएवढे काळे दाणे. त्या दाण्यांवरूनच निदान अर्धं होतं. काळे दाणे बुरशीचे, लाल दाणे जंतूंचे, पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात. हा फरक पायाचा जीव ठरवतो. जंतूंचा प्रकार अमिकासिन आणि को-ट्रायमॉक्साझोलने बरा होतो. बुरशीच्या प्रकाराला इट्राकोनॅझोल महिनोन्‌महिने, सोबत चाकू, आणि उशीर झाला तर पाय कापावा लागतो. यांचा वाचला, टाचेचं अर्धं हाड गेलं.

या रोगाला मदुरा फूट म्हणतात, मदुराईवरून. पण तो बुरशीचा आहे हे ज्याने नीट मांडलं तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर आपल्याकडचाच म्हणायला हवा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, आणि १८७४ मध्ये त्याने यावर अख्खा ग्रंथ लिहिला. जगभरची डॉक्टर पोरं ज्या शरीरशास्त्राच्या पुस्तकावर घासून पास होतात, त्यातली मूळ चित्रं त्याच माणसाच्या हातची. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं ते २०१६ मध्ये. कार्टरने लिहून ठेवल्यावर दीडशे वर्षांनी, जवळजवळ.

ऐरोली-महापे पट्ट्यातली कंपन्यांची मुलं अमेरिकेत जाऊन येतात. ॲरिझोना, कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागातल्या मातीत कोक्सिडिओइडिस नावाची बुरशी असते. तिकडून आलेल्याचा घोटा, गुडघा किंवा मणका महिनोन्‌महिने सुजलेला असेल तर डॉक्टरला प्रवासाचं सांगा, आणि डॉक्टरने लॅबला सांगावं, कारण ती प्लेट निष्काळजीपणे उघडली तर लॅबमधल्या माणसालाच लागण होते. बदललेल्या गुडघ्यात बुरशी झाली तर बहुतेकदा सांधा काढावा लागतो, मधे काही महिने सिमेंटचा ठोकळा, मग नवा. त्यावर सविस्तर लिहायला वेगळी बैठक लागेल.

नखातली बुरशी, गजकर्ण, नायटा हाडात जातात का, हेही लोक नेहमी विचारतात. जात नाहीत. त्या मेलेल्या कातडीवर आणि नखावरच जगतात. पण मधुमेह्याच्या पायाला पावसाळ्यात चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्यात चीर पडली, तर त्या चिरेतून साधे जंतू आत शिरतात आणि ते हाडापर्यंत जातात. आईंच्या बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या पुसा, एवढं या वर्षी जास्तच सांभाळा.

आणि पाव. पाव फुगवणारं यीस्ट वेगळं, कँडिडा वेगळी. भट्टीत तर ते मरतंच. इडली, डोसा, ताक, आंबवलेलं सगळं चालेल. वडापाव खाल्ल्याने मणक्यातली बुरशी वाढत नाही, साखर वाढते, तेव्हा एकच, आणि त्या दिवशी रात्रीचा आकडा वहीत लिहायला विसरू नका.